अस्वलाची विष्ठा आणि माझ्या पोरीची चड्डी

जेवत असाल तर हे बाजूला ठेवा, नंतर वाचा. ह्यात गू आहे आणि भरपूर आहे. मी त्याला 'शी', 'मोशन', 'लॅट्रिन' असली फडकी गुंडाळणार नाही. दीड वर्ष आमच्या घरात सगळ्यांनी तो शब्द टाळला. शिकल्यासवरल्या डॉक्टरांनीही टाळला. ते टाळणं शेवटी माझ्या पोरीच्या पोटानं भोगलं.

मी वनरक्षक आहे. नवेगाव बांधच्या बाजूच्या जंगलात माझं बीट, म्हणजे राखणीचा पट्टा, आहे. नवरा प्रवीण गावात झेरॉक्सचं दुकान चालवतो. सासूबाई आमच्याजवळच राहतात, त्यांना मी आई म्हणते. आणि मैत्री, आमची एकुलती एक, आता आठ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. ती शब्द बोलत नाही, पण घरात तिचा आवाज नाही असा तासही जात नाही.

हा लेख ऑटिझमवर नाही. ऑटिझमचा हात धरून जे बाकीचं घरात शिरतं, त्याच्यावर आहे. कुणाला फिट येतात, कुणाची झोप जाते, कुणाला खाण्याचे असे हट्ट लागतात की आईबापांनी डोकं आपटून घ्यावं. आमच्याकडे झोप, खाणं आणि पोट हे तिघे आले. पहिल्या दोघांबद्दल सगळे बोलतात. तिसऱ्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

शिक्का

मैत्री साडेचार वर्षांची असताना आम्ही तिला गोंदियाला नेलं. कोहमाऱ्याला गाडी बदलून, तिला कडेवर घेऊन, तिच्या किंचाळण्यावर वळून बघणाऱ्या प्रत्येकाकडे उलटं बघत. दवाखान्याच्या भिंतीवर हसऱ्या गुबगुबीत बाळांची चित्रं होती. मैत्री सगळा वेळ माझ्या डब्याचं झाकण फरशीवर फिरवत बसली. डॉक्टरनं आम्हाला ढीगभर प्रश्न विचारले, कागदावर खुणा केल्या आणि त्या झाकणाकडे बघत म्हणाला, "ऑटिज़्म है. मॉडरेट." भाजीत तिखट किती ते सांगावं तसं म्हणाला.

प्रवीण तिथंच रडला. मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून मी येताना बसच्या कंडक्टरशी भांडले.

त्या दिवशी वाटलं होतं की आपल्याला उत्तर मिळालं. खरं तर एक शिक्का मिळाला होता. त्यानंतर ताप आणि खोकला सोडून मैत्रीला जे जे झालं त्याच्यावर तो शिक्का बसत गेला. झोपत नाही, ऑटिझम. हात चावते, ऑटिझम. भात, दूध, साबुदाणा आणि बिस्किटं ह्यापलीकडे काही खात नाही, तेही ऑटिझम. तिला पांढरं लागायचं. भातात कोथिंबिरीचं एक पान दिसलं तरी ती ताट उलटं करायची, आणि वरणाचा थेंब लागलेला घास ती ओकून काढायची. दोन वर्षं मी त्याच्याशी लढले, मग थकले. पोटात काहीतरी जातंय ना, एवढ्यावर समाधान मानायला शिकले.

वास

पाच वर्षांची होईतो मैत्रीला संडासात बसायची सवय मी लावली होती. चार महिने लागले होते. त्याचा मला इतका अभिमान होता की ऑफिसात पेढे वाटायचे राहिले एवढंच.

साडेसहाव्या वर्षी ते सगळं वाहून गेलं. एका सकाळी चड्डीला पातळ तपकिरी डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तीन डाग. महिन्याभरात ती दिवसाला दहा-बारा चड्ड्या खराब करू लागली. जुलाबासारखं भसाभस नव्हतं. नळ नीट बंद न झाल्यासारखं सारखं थोडं थोडं गळत राहायचं, आणि तिला त्याचं भानच नसायचं. त्यातच बसायची, त्यातच खेळायची.

आणि वास. मी जंगलात काम करते, चार दिवसांचं मेलेलं सांबर जवळून पाहिलंय. ह्या वासाची सर त्याला नव्हती. आंबलेला, कुजका, कपड्याला, पाटाला, माझ्या ओढणीला चिकटलेला वास. ऑफिसात मी खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली, कुणी बोलायच्या आधीच. घरी कुणी आलं की आई उदबत्ती लावायच्या, आणि मग उदबत्तीचा आणि गुवाचा मिळून जो वास व्हायचा त्याची मला अजून शिसारी येते. प्रवीणच्या बहिणीनं आमच्याकडे पाणी पिणं सोडलं. दाराशी उभ्या उभ्या विचारपूस करायची आणि जायची.

मला माझ्या पोरीची किळस आली. हे लिहिते कारण कुठलीच आई हे लिहीत नाही, आणि मग ज्या आईला येते तिला वाटतं की आपण एकटीच राक्षसीण आहोत. मी नाकातून श्वास बंद करून तिला धुवायचे. पाणी जोरात ओतायचे. ती रडायची तेव्हा तिच्या पाठीवर चापट मारायचे. चड्डी काठीनं उचलून घरामागच्या सांदवाडीतल्या बादलीत टाकायचे, वरून पाणी सोडायचे आणि तोंड फिरवायचे. त्या चड्डीत काय आहे हे दीड वर्षात मी एकदाही नीट बघितलं नाही.

पोट बांधायचे उपाय

पातळ होतंय म्हणजे पोट गेलंय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. त्यामुळे सगळे कामाला लागले.

"पोरीचा पोट गेला हाय संगीता, तिले पेज देत जा," आई म्हणाल्या. पेज सुरू झाली. मग कच्च्या बेलाचा गर. मग डाळिंबाची साल उगाळून. केळी आणि साबुदाणा तर ती आवडीनं खायची. गावातल्या डॉक्टरनं जुलाब थांबवायचं औषध दिलं आणि ते संपलं की पुन्हा दिलं. दोन दिवस गळणं थांबायचं, आम्ही हुश्श करायचो, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, आधीपेक्षा जास्त.

माझा उपाय सगळ्यांत वाईट होता. मी तिचं पाणी कमी केलं. आत कमी गेलं की बाहेर कमी येईल, असा माझा सरकारी हिशोब. शाळेत पाठवताना बाटली अर्धीच भरायचे. एप्रिलमधल्या आमच्याकडच्या उन्हात.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मैत्रीला दोन तास बसवून घ्यायचं कबूल केलं होतं, आणि ती रांगोळीच्या ठिपक्यांत दगड ठेवत बसायची ते त्यांना आवडायचं. पण एक दिवस त्यांनीही मला बाजूला घेतलं. "मॅडम, बाकीचे पालक बोलून राहिले. मी किती दिवस ऐकू?" त्यांचा आवाज पडलेला होता. मला त्यांचा राग आला नाही. मीसुद्धा माझं पोर त्या वासाशेजारी बसू दिलं नसतं.

हात

त्याच दिवसांत मैत्रीनं माझा हात ओढायला सुरुवात केली. यायची, माझं मनगट धरायची आणि हात आपल्या पोटाशी, चड्डीच्या नाडीच्या जरा वर, नेऊन दाबायची. तोंडाकडे बघायची नाही. माझा हात तिथं ठेवायची आणि उभी राहायची.

थेरपीसाठी आम्ही आठवड्याला एकदा गोंदियाला जायचो. तिथल्या थेरपी देणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं. तिनं मान हलवली. ऑटिझमची मुलं दुसऱ्याचा हात अवजारासारखा वापरतात, डबा उघडायला, बटण दाबायला. त्याला प्रोत्साहन देऊ नका, हात सोडवून घ्या आणि तिला बोट दाखवायला शिकवा. ती शिकली होती ते बरोबरच होतं, मीही नंतर वाचलं. फक्त तिनं हे विचारलं नाही की हात कुठं नेते. मीही सांगितलं नाही. महत्त्वाचं वाटलं नाही.

मग मी हात सोडवून घेऊ लागले. शास्त्राचा आधार मिळाला होता, आणि खरं सांगायचं तर चड्डी भरलेल्या पोरीच्या कमरेला हात लावायला मला नकोच होतं. ती ओढायची, मी झटकायचे. ती पुन्हा ओढायची. मग ती आपलं मनगट चावायची, रक्त येईतो. मग खाटेच्या कडेवर डोकं.

गोंदियाचा डॉक्टर टेबलापलीकडूनच म्हणाला, "मैडम, बिहेवियर इश्यू है. ऑटिज़्म में ये सब चलता है."

"और ये जो कपड़े में होता है?" मी विचारलं.

"वो भी बिहेवियर है. कुछ बच्चे करते हैं." आणि त्यानं तिला शांत ठेवायचं एक औषध लिहून दिलं. खुर्चीतून उठला नाही. तिच्या अंगाला वास येत होता आणि तो डॉक्टर होता, आणि तो खुर्चीतून उठला नाही. त्याच्या टेबलावर हात धुवायच्या जेलची बाटली होती, ती त्यानं आम्ही निघायच्या आधीच पुढे ओढून घेतली.

औषधानं मैत्री खरंच शांत झाली. भिंतीला टेकून बसून राहायची. गळणं चालूच होतं.

फॉर्म

नागपूरकडे अशा मुलांसाठी एक निवासी शाळा आहे असं प्रवीणला कुणीतरी सांगितलं. त्यानं फॉर्म आणला. 'प्रवेशाचे कारण' असा एक रकाना होता. प्रवीणनं त्यात 'उत्तम शिक्षण व देखभाल' असं सुंदर अक्षरात लिहिलं. खरं कारण 'वास' होतं. ते आम्हा दोघांना माहीत होतं, आणि सही करताना आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी धान पाखडता पाखडता म्हणाल्या, "आपल्या पोरीले बाहेर टाकून राहिली तू."

"तुम्ही धुता का तिला?" मी विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "धुतलो नाई का मी? तू ड्यूटीवर जातेस तवा कोन धुते?" ते खरं होतं. तरी मी फॉर्म फाडला नाही. जूनमध्ये तो देऊन तिला पोचवायचं ठरलं होतं.

शेवंताबाई

एप्रिल संपत आला होता. मोहफुलांचा शेवट. आमच्या बीटात अस्वलाचा वावर वाढला होता आणि विष्ठेचे नमुने गोळा करायचे होते. माझ्याबरोबर शेवंताबाई होत्या, रोजंदारीवर येणाऱ्या, पन्नाशीच्या, जंगल माझ्यापेक्षा चांगलं वाचणाऱ्या गोंड बाई. नाल्याच्या काठाला एक ताजा ढीग सापडला. मी उकिडवी बसले, हातमोजे घातले, काडीनं ढीग उकलला. मोहफुलांची सालं, थोडी उधई म्हणजे वाळवी, तेंदूच्या दोन बिया. वास घेतला. आंबूस गोड. डायरीत लिहिलं, नमुना पाकिटात भरला.

तेवढ्यात शाळेतून बाईंचा फोन आला. मैत्रीनं पुन्हा सगळं भरवलंय, घ्यायला या. मी प्रवीणला फोन लावून तिला आणायला सांगितलं आणि ठेवताना तोंडातून शिवी गेली.

"पोरीले काय झालं, म्याडम?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पोट गेलंय."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

शेवंताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "दीड साल कोनाचा पोट जाते वो? पोट गेला तं आठ दिवसात लेकरू सुकून जाते. तुमची पोरगी तं चांगली टुमटुमीत दिसते. पोट कसा पुढं आला हाय तिचा."

मी पाकिटावर तारीख लिहू लागले.

"माहा बैल मागल्या साली असाच करत होता," त्या म्हणाल्या. "मागून पातर पानी गरत होता. मी म्हटलो, हगवन लागली. ढोराचा डॉक्टर आला तं कोपरापर्यंत हात घातलन त्यानं. अंदर ह्या एवढा गोटा होता. बाजूनं पानी निंगत होता फक्त." मग त्यांनी माझ्या हातातल्या पाकिटाकडे बोट केलं. "अस्वलाचा इतला बसून पाहता. पोरीचा पाहिलं का कधी?"

कुणी तोंडावर थुंकावं तसं मला झालं. त्या मला लागेल असं बोलल्या नव्हत्या, साधं विचारत होत्या. मी पाकीट पिशवीत ठेवलं आणि सरळ घरी निघाले.

प्रवीण मैत्रीला घेऊन आलेला होता. मी सांदवाडीत गेले, बादलीतली चड्डी काढली, हातमोजे तेच होते, आणि उन्हात दगडावर पसरली. काडी घेतली. उकिडवी बसले. जुलाब झालेल्या माणसाचा गू कसा असतो ते मला माहीत आहे. हा तसा नव्हता. चिकट, गडद, जुना. मध्ये सुपारीएवढा एक खडा, वाळून काळा पडलेला. आतल्या मोठ्या दगडाचा तुटलेला कपचा.

मग मी आत गेले, मैत्रीला पाठीवर झोपवलं आणि पहिल्यांदा आपणहून तिच्या पोटावर हात ठेवला. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला. हाताला गोटा लागला. बेंबीपर्यंत चढलेला, कडक, कच्च्या पपईसारखा. मैत्रीनं माझं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि तो हात तिथंच दाबून धरला.

इतके महिने ती मला जागा दाखवत होती.

मी बाहेर येऊन ओकले. गुवामुळे नाही.

तीन दिवस

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तेव्हा एक तरुण डॉक्टरीण होती, बाँडवर आलेली, सोलापूरकडची. मी काही सांगायच्या आधी तिनं मैत्रीला टेबलावर घेतलं आणि पोट दाबलं. अगदी हळू, आधी आपले हात एकमेकांवर चोळून ऊब आणून. तिच्या आधी कुठल्याच डॉक्टरनं हे केलं नव्हतं.

"किती दिवसांत नीट झालं नाहीये हिला?" तिनं विचारलं.

"दिवसाला बारा वेळा होतं," मी म्हणाले.

"ते गळतंय, ताई. नाली तुंबल्यावर पाणी कडेनं झिरपतं ना, तसं. आतडं ताणून ताणून हिला आता कळतसुद्धा नाही कधी येतंय ते." तिनं एक्स-रे काढायला लावला आणि उजेडाकडे धरून दाखवला. फासळ्यांच्या खाली सगळं भरलेलं होतं. मग तिनं विचारलं की काय काय औषध चालू आहे, आणि मी यादी सांगत गेले. जुलाब थांबवायचं. शांत करायचं, ज्यानंही पोट आणखी आवळतं असं तिनं सांगितलं. बेल. डाळिंबाची साल. अर्धी बाटली पाणी. प्रत्येक शब्दाला माझी मान खाली गेली. तिनं मला एकदाही रागावलं नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिच्याच चिठ्ठीवर नागपूरला भरती केलं. तिथलं तीन दिवसांचं सांगते, कारण कुणी सांगत नाही. नाकातून नळी. ती घालताना चौघांनी धरलेली मैत्री, आणि त्यातली एक मी. नळीतून औषधाचं पाणी, तासामागून तास. पहिल्या दिवशी काहीच नाही, नुसतं पोट फुगलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं आणि थांबेचना. आधी काळे दगड, मग चिखल, मग काय काय. खाटेखाली, चादरीवर, माझ्या कोपरापर्यंत. शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी तोंडं फिरवली, एकीनं नर्सला पडदा लावायला सांगितला. प्रवीण दोनदा बाहेर जाऊन ओकला आणि दोन्ही वेळा परत आला. मला वाटलं होतं मला किळस येईल. आली. पण ह्या खेपेला ती पोरीची नव्हती. एवढं सगळं त्या लहानशा पोटात होतं आणि आम्ही तिला पेज पाजत होतो, ह्याची होती.

वॉर्डातली सफाई करणारी एक बाई होती. तिसऱ्यांदा बादली बदलताना ती म्हणाली, "निकलने दो बेटा, सब निकलने दो," आणि मैत्रीच्या पायाला जराशी थोपटून गेली. तेवढ्या तीन दिवसांत मला तोंड न फिरवलेलं माणूस तेच दिसलं.

तिसऱ्या दिवशी आई आल्या. मी त्यांना बेलाचं आणि सालीचं सांगितलं, सांगायला नको होतं. त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. मग म्हणाल्या, "माह्या हातानं पाजलं मी तिले." मी त्यांचा हात धरला नाही. माझेच हात तेव्हा घाण होते, आणि मन तर त्याहून. नुसतं म्हणाले, "मी पाणी बंद केलं होतं, आई." त्यांनी मान हलवली.

कॉमन

घरी आल्यावर महिन्याभरानं मी तो एक्स-रे घेऊन गोंदियाच्या डॉक्टरकडे गेले. मैत्रीला नेलं नाही. त्यानं उजेडाकडे धरला, ओठ पुढे काढले आणि म्हणाला, "हाँ, हाँ. कॉन्स्टिपेशन. इन बच्चों में बहुत कॉमन है."

"कॉमन है तो आपने देखा क्यों नहीं?"

तो म्हणाला की पेशंट खूप असतात. पुन्हा त्या जेलच्या बाटलीकडे हात गेला. मी एक्स-रे त्याच्या हातातून घेतला. बाहेर बाकावर एक आई बसली होती, सहा-सात वर्षांचा मुलगा तिच्या पायाशी गाडी उलटी करून चाक फिरवत होता. मी तिला विचारलं की ह्याला संडासला कसं होतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचा पदरच ओढलाय. तरी मी तिच्या शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, केबिनचं दार उघडं होतं.

तेच तुम्हालाही सांगते. पोर बोलत नसेल, हात चावत असेल, डोकं आपटत असेल, तर ऑटिझम म्हणायच्या आधी त्याला कुठं दुखतंय का ते बघायला लावा. पोट, दात, कान. डॉक्टर खुर्चीतून उठला नाही तर तुम्ही उठा आणि दुसरा शोधा. पातळ गळत असेल तर आपल्या मनानं बांधायला जाऊ नका. आणि चड्डी बघा. नाक दाबून बघा, पण बघा.

आमचं सगळं ठीक झालंय असं नाही. रोज सकाळी दुधातून पोट साफ ठेवायची पावडर द्यावी लागते, अजून बरेच महिने. ताणलेलं आतडं सावकाश आपल्या जागी येतं म्हणे. जेवणानंतर तिला संडासात बसवायचं, पायाखाली पाट. आठवड्यात एखादी चड्डी अजून खराब होते. खाणं अजून पांढरंच, पण भाताबरोबर पिकलेली पपई जायला लागली आहे, ती का ते कुणाला माहीत नाही. हात चावणं जवळजवळ थांबलं. शांत करायचं औषध त्या डॉक्टरणीनं हळूहळू कमी करून बंद केलं. मी भिंतीवर कॅलेंडर लावलंय, त्यावर रोज काय झालं, किती, कसं, ते लिहिते. नमुन्याची डायरी लिहिते तसंच. प्रवीणच्या बहिणीनं ते कॅलेंडर बघून तोंड वाकडं केलं. तिला मी चहा विचारला नाही.

निवासी शाळेचा फॉर्म आम्ही दिला नाही. प्रवीणनं त्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवल्या होत्या, त्या पाठकोऱ्या म्हणून दुकानात वापरल्या. 'उत्तम शिक्षण व देखभाल'च्या मागच्या बाजूला गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर.

परत आल्यापासून मैत्रीनं माझा हात ओढणं सोडलं होतं. दुखत नाही तर कशाला ओढेल, असं मी स्वतःला सांगायचे. पण दुसरंही वाटायचं. इतके महिने झटकलेला हात कुणी पुन्हा का मागावा.

परवा दुपारी ती संडासातून बाहेर आली. मी तिला धुतलं होतं आणि अजून साबणाकडे वळले नव्हते. तिनं माझं मनगट धरलं आणि हात पोटावर नेला, तिथंच. मी बोटांनी चाचपलं, बेंबीखाली, डाव्या अंगाला, पुन्हा उजव्या. पोट मऊ होतं. काही नव्हतं. तरी ती हात सोडेना, तशीच उभी, नजर दुसरीकडे, झाडाकडे. तिला काही सांगायचं नव्हतं. नुसता हात हवा होता.

माझ्या हाताला गुवाचा वास येत होता. मी तो तसाच तिथं ठेवला.